तुमच्याच पैशाचं बक्षीस

“थांब थांब, बोनस लागला!” असं म्हणत मित्राने मोबाइल माझ्यासमोर धरला. तो ऑनलाइन स्लॉट, म्हणजे पैसे लावून खेळायचा जुगार, खेळत होता. त्यातल्या पाचपैकी तीन रीलवर, म्हणजे चिन्हांच्या फिरत्या उभ्या रांगांवर, सोनेरी दरवाजाचं चिन्ह येऊन थांबलं होतं. पडदा क्षणभर काळा झाला, मग उजळला. मागचं चित्र बदललं, संगीत बदललं आणि मधोमध ‘१० फ्री स्पिन’, म्हणजे दहा फुकट डाव, अशी अक्षरं झळकली. पुढचं मिनिटभर त्याने स्क्रीनला बोटसुद्धा लावलं नाही. रील आपोआप फिरत होत्या आणि खालच्या कोपऱ्यातला आकडा थोडाथोडा वाढत होता. दहावा स्पिन संपला तेव्हा जिंकलेली एकूण रक्कम त्याच्या एका डावाच्या चौदापट झाली होती. नाण्यांचा पाऊस पडला. “फुकटात मिळाले,” तो म्हणाला.

किती वेळ खेळतोयस, असं मी विचारलं. “असेल तासभर.” त्या तासाभरात किती डाव झाले, याचा त्याला अंदाजही नव्हता. खेळाच्या इतिहासाचं पान उघडून आम्ही दोघांनी मोजलं. चारशेच्या वर डाव झाले होते आणि तेवढ्या वेळात खात्यातून गेलेली रक्कम त्या चौदापटीच्या कितीतरी पुढे होती.

‘फुकटात’ हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतोय. मित्र हिशेबात कच्चा नाही. बिलातली चूक सगळ्यांच्या आधी त्याच्याच लक्षात येते. खेळाची मांडणीच अशी आहे की भल्याभल्यांच्या तोंडून तो शब्द निघावा, असं माझं ठाम मत झालंय. ऑनलाइन स्लॉटमधला बोनस कंपनी पदरचा देत नाही. प्रत्येक डावातून थोडाथोडा कापून बाजूला ठेवलेला तो खेळणाऱ्यांचाच पैसा असतो आणि तो थोड्यांना, कधीतरी, वाजतगाजत परत केला जातो. तसं असेल तर किती कापला आणि किती डावांनी परत मिळतो, हे डाव लावण्याआधी माणसाला कळलं पाहिजे. ते सांगणं कंपनीच्या मर्जीवर न सोडता कायद्याने सक्तीचं केलं पाहिजे.

हिशेब करून बघू. खेळाच्या नियमांत ‘आरटीपी ९६ टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आरटीपी म्हणजे ‘रिटर्न टू प्लेयर’, खेळणाऱ्याला मिळणारा परतावा. त्याचा अर्थ, कोट्यवधी डावांच्या हिशेबात लावलेल्या दर शंभरामागे ९६ परत जातात आणि चार कंपनीकडे राहतात. पण हे ९६ एकाच वाटेने येत नाहीत. उदाहरणापुरता असा खेळ धरा, ज्यात शंभरातले ६४ साध्या डावांतून परत येतात आणि ३२ बोनसमधून. बोनस सरासरी १६० डावांत एकदा लागतो. दर डावाला एक नाणं लावलं, तर १६० डावांत १६० नाणी गेली आणि साध्या डावांतून १०२ परत आली. ५८ नाणी गेल्यावर बोनस लागला, तो सरासरीने ५१ नाण्यांचा. उरलेली सहा-सात नाणी कंपनीची. हा झाला सरासरी नशिबाचा माणूस. त्याला बोनस म्हणून जे मिळालं, ते गेल्या १६० डावांत त्याच्याच हातून गेलेलं होतं, आणि तेही पुरतं परत आलं नाही.

यातली खरी खोच पुढे आहे. बोनस लागेपर्यंत हा माणूस ९६ टक्क्यांच्या खेळावर बसलेलाच नसतो. तो ६४ टक्क्यांच्या खेळावर बसलेला असतो. ९६ हा आकडा त्याच्यासाठी खरा व्हायचा तर बोनस वेळेवर लागायला हवा. तो मात्र घड्याळ बघून येत नाही. १६० डावांत सरासरी एकदा येणारा बोनस पहिल्या १६० डावांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. ४८० डाव खेळूनही कोरडंच राहण्याची शक्यता जवळपास पाच टक्के, म्हणजे वीस जणांत एक. असा विसावा माणूस तुमच्या-माझ्या ओळखीतला कुणीही असू शकतो आणि त्याला वाटत असतं की आता तर बोनस यायलाच हवा. माझा मित्रही तेच म्हणायचा, “जवळ आलाय.” बहुतेक स्लॉटमध्ये आधीच्या डावांची कसलीही आठवण नसते. चारशे एकाव्या डावाला बोनसची शक्यता पहिल्या डावाइतकीच असते.

‘बहुतेक’ असं मुद्दाम म्हटलं. काही खेळांत आठवण ठेवलेली असते. चिन्हं गोळा होतात, एक पट्टी भरत जाते आणि पूर्ण भरली की बोनस उघडतो. मला हे जास्त घातक वाटतं. पट्टी तीन चतुर्थांश भरलेली दिसत असताना फोन बाजूला ठेवणं म्हणजे आपण भरलेलं सोडून जाणं, असं मनाला वाटतं. तोटा झाला म्हणून उठावं, तर तो तोटाच उठू देत नाही.

मग ‘सरासरी ५१ नाण्यांचा बोनस’ हा आकडाही तपासून घ्यायला हवा. दहा बोनसांपैकी एकाने २६० नाणी दिली आणि बाकी नऊंनी प्रत्येकी २८, तरी सरासरी ५१ च येते. दहातल्या नऊ जणांना सरासरीच्या जेमतेम निम्मं मिळालेलं असतं. मोठे गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, जितके दुर्मीळ आणि जितके प्रचंड, तितकी ही दरी रुंदावते. जाहिरातीत दिसतो तो दहावा बोनस. बाकीचे नऊ कुणी कुणाला दाखवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने ‘लिबर्टी बेल’ हे स्लॉट यंत्र बनवलं. त्यात तीन रील होत्या आणि प्रत्येकीवर दहा थांबे, म्हणजे रील थांबू शकेल अशा जागा. एकूण जुळण्या एक हजार. चिकाटीचा माणूस उभ्या उभ्या चिन्हं मोजून आपली शक्यता काढू शकत होता. १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांच्या पेटंटने ते संपलं. रील कुठे थांबायची हे संगणकाने निवडलेली यादृच्छिक संख्या ठरवू लागली आणि डोळ्यांना दिसणाऱ्या थांब्यांच्या मागे न दिसणारे कितीतरी थांबे जोडता येऊ लागले. समोर दिसतं त्यावरून शक्यता काढण्याची सोय गेली. १९९६ मध्ये डब्ल्यूएमएस कंपनीच्या ‘रील एम इन’ या मासेमारीच्या खेळाने दुसऱ्या पडद्यावरचा बोनस लोकप्रिय केला. आज सहा रील आणि प्रत्येकीवर सातपर्यंत चिन्हं अशा मेगावेज पद्धतीच्या खेळात जिंकण्याच्या वाटा १,१७,६४९ असतात. हा आकडा अभिमानाने जाहिरातीत छापला जातो. त्यातून खेळणाऱ्याला आपल्या शक्यतेबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही.

पडद्यावर जे घडतं त्याचा आणि निकालाचा संबंध किती, हेही नीट समजून घ्यायला हवं. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी निकाल ठरलेला असतो. त्यानंतरचं रील फिरणं म्हणजे तो निकाल सांगण्याची पद्धत. पहिल्या दोन रीलवर स्कॅटर, म्हणजे बोनस उघडणारं चिन्ह, येऊन थांबतं. मग तिसरी रील मंदावते, तिच्याभोवती प्रकाशाची चौकट उमटते, संगीत चढत जातं. चिन्ह खिडकीच्या काठापर्यंत येतं आणि खाली सरकून जातं. मी मित्राच्या खांद्यामागे उभा राहून हे पाहिलंय आणि कबूल करतो, माझाही श्वास अडकला होता. माझा एक पैसाही त्यात नव्हता.

हे ‘थोडक्यात हुकणं’ किती वेळा घडतं? प्रत्येक रीलवर स्कॅटर दिसण्याची शक्यता दहात एक धरली, तर पाच रीलवर तीन किंवा जास्त स्कॅटर येण्याची शक्यता साधारण ११७ डावांत एकदा येते. नेमके दोन येण्याची शक्यता मात्र १४ डावांत एकदा. एकदा बोनस लागेपर्यंत आठ-नऊ वेळा ‘अरे, एकच कमी पडला’ असं होणार. यासाठी कुणाला लबाडी करावी लागत नाही, साध्या गणितातून ते होतं. पण त्या आठ-नऊ हुकलेल्या वेळांना रील मंद करणं आणि संगीत चढवणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. ल्यूक क्लार्क हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतले तेच भाग जागे करतो जे जिंकल्यावर जागे होतात, आणि पुढे खेळत राहायची इच्छाही वाढवतो. हरलेला डाव असा अर्धा जिंकल्यासारखा वाटतो.

आणि काही डाव तर पूर्ण जिंकल्यासारखे वाटतात. चिन्हं जुळण्याच्या वीस ओळींवर मिळून वीस नाणी लावली, एका ओळीवर सहा नाणी मिळाली. चौदा गेली. पडद्यावर मात्र दिवे लुकलुकतात, घंटा वाजते, ‘६’ हा आकडा मोठा होऊन नाचतो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात माइक डिक्सन, केविन हॅरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा डावांच्या वेळी लोकांच्या त्वचेतून मिळणारी उत्तेजनेची नोंद तपासली. शरीराची प्रतिक्रिया खऱ्या जिंकण्यासारखीच निघाली. बोनसच्या फेरीतही हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. दहा फ्री स्पिनचे मिळून चौदा नाणी आली की ‘एकूण विजय’ असा फलक येतो. त्या विजयापर्यंत पोचायला किती नाणी गेली, हे फलकावर कधीच नसतं.

‘बोनस विकत घ्या’ हे बटण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. अनेक खेळांत डावाच्या शंभरपट रक्कम एकदम भरली की थेट फ्री स्पिन सुरू होतात. ज्याला इतका वेळ बक्षीस म्हणत होते, त्यावर किंमत लिहिलेली आहे. कंपनीने स्वतःच सांगून टाकलं की ही वस्तू विकाऊ आहे आणि तिचा भाव हिशेबाने काढलेला आहे. त्यापलीकडचा परिणाम जास्त गंभीर आहे. एक नाण्याचा डाव आणि दर डावाला अडीच सेकंद धरले, तर शंभर नाणी लावायला चार मिनिटांच्या वर लागतात. त्या चार मिनिटांत फोन वाजू शकतो, कुणी हाक मारू शकतं, मन बदलू शकतं. विकतच्या बोनसमध्ये ती शंभर नाणी एका टिचकीत जातात. ब्रिटनमध्ये जुगार नियामकाने ही सोय आपल्या नियमांत बसत नाही, अशी भूमिका घेतली आहे. बाकी सगळीकडेही ती बंद व्हावी, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. यावर मला मधला मार्ग दिसत नाही.

खातं उघडताना मिळणारा स्वागत बोनस हे वेगळं प्रकरण असलं, तरी तिथेही शब्द तसाच फसवा आहे. १०० चा बोनस आणि ‘३५ पट डाव लावल्यावरच काढता येईल’ अशी अट असेल, तर ३,५०० चे डाव लावावे लागतात. चार टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सरासरी १४० जातात. ब्रिटनने २०२६ च्या जानेवारीपासून ही पट जास्तीत जास्त दहावर आणली. तेव्हा हिशेब चाळीसवर येतो आणि मग त्याला बोनस म्हणायला निदान जागा राहते.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वातंत्र्याचा. सज्ञान माणसाने आपला पैसा कुठे घालवावा हे दुसऱ्याने का ठरवावं? मला हा आक्षेप हलका वाटत नाही. माणसाला चुका करायचा हक्क असतो आणि करमणुकीला पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. पण निवड करायची तर समोर काय आहे ते दिसायला हवं. रील मंदावणं, खोटा जल्लोष, भरत जाणारी पट्टी, ही सगळी व्यवस्था विचार करायला क्षणभरही न देण्यासाठी आहे. स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्यांनी तर आकडे उघड करण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

दुसरा आक्षेप असा की सगळं नियमांत लिहिलेलं असतंच. नियमांत लिहिलेलं असतं ते असं: तीन स्कॅटरला दहा फ्री स्पिन, चारला पंधरा, फ्री स्पिनमध्ये पुन्हा तीन आले तर आणखी पाच. बोनस काय देतो ते सांगतात, किती डावांत एकदा येतो ते सांगत नाहीत. हे म्हणजे विम्याच्या कागदावर भरपाईची रक्कम लिहायची आणि हप्ता लपवायचा. आरटीपी दिलेला असला तरी तो एकच आकडा असतो आणि तोही सगळीकडे सारखा नसतो. एकच खेळ वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांमध्ये बनवला जातो आणि कोणती आवृत्ती ठेवायची ते संकेतस्थळ चालवणारी कंपनी निवडते. चित्रं तीच, संगीत तेच, नाव तेच. आतलं गणित वेगळं.

हे गणित कुणाला माहीत नाही, असंही नाही. प्रत्येक खेळामागे त्याच्या निर्मात्याने केलेला हिशेबाचा तक्ता असतो. यंत्रांच्या धंद्यात त्याला पार शीट म्हणतात. कोणतं चिन्ह किती वेळा, बोनस किती डावांत एकदा, परताव्यातला किती वाटा कुठून, हे सगळं त्यात असतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हॅरिगन आणि डिक्सन यांनी काही यंत्रांच्या पार शीट मिळवल्या त्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करून, आणि २००९ मध्ये त्यावर लिहिलं. ज्या माहितीसाठी संशोधकांना सरकारकडे अर्ज करावा लागतो, ती रात्री दीड वाजता फोन हातात धरून बसलेल्या माणसाला असणारच, असं कसं म्हणायचं?

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. नियम कडक केले की लोक परवाना नसलेल्या संकेतस्थळांकडे वळतात, जिथे ना आकडे, ना मर्यादा, ना तक्रारीची सोय. हा धोका खरा आहे आणि तो कमी लेखणारे लोक नियम करताना चुका करतात. पण मी मागतोय ती प्रामुख्याने माहितीची सक्ती आहे. बोनसची वारंवारिता दिसली म्हणून कुणी चिडून काळ्या बाजारात जाईल, हे मला पटत नाही. शिवाय आकडे देणारी आणि न देणारी अशी दोन संकेतस्थळं शेजारी दिसू लागली, तर परवाना असण्याला काहीतरी अर्थ येईल.

खेळाच्या मांडणीला हात लावता येतो, हे सिद्धही झालेलं आहे. हरल्याचा निकाल लागल्यानंतर मुद्दाम ‘थोडक्यात हुकलं’ असं दाखवणारी यंत्रं अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या जुगार नियामकांनी १९८९ मध्येच रोखली होती. ब्रिटनने २०२१ च्या ऑक्टोबरअखेर ऑनलाइन स्लॉटमध्ये आपोआप खेळत राहण्याची सोय बंद केली, दोन डावांत किमान अडीच सेकंद सक्तीचे केले आणि लावलेल्या रकमेइतकं किंवा त्याहून कमी परत आलं तर जल्लोष दाखवायला मनाई केली. २०२५ मध्ये तिथे एका डावाची मर्यादा पाच पौंडांवर आली आणि २५ वर्षांखालच्या खेळणाऱ्यांसाठी दोन पौंडांवर. जर्मनीने २०२१ मध्ये दर डावाला एक युरो आणि पाच सेकंद असं बंधन घातलं. अडीच सेकंदांनी तासाला १,४४० डाव होतात, पाच सेकंदांनी ७२०. नुकसानीचा वेग तिथल्या तिथे निम्मा होतो. यातल्या कोणत्याही नियमाने स्लॉट बंद पडले नाहीत.

बोनसच्या आतलं गणित मात्र या नियमांतूनही बऱ्याच अंशी झाकलेलंच राहिलंय. माझी मागणी साधी आहे. पहिला डाव लावण्याआधी, बटणाच्या वरच, ठळक अक्षरांत लिहा: शंभरातले इतके साध्या डावांतून परत येतात, इतके फक्त बोनसमधून. बोनस सरासरी इतक्या डावांत एकदा. निम्मे बोनस डावाच्या इतक्या पटीपेक्षा कमी देतात. आणि बोनस संपल्यावर ‘एकूण विजय’च्या फलकावर, तितक्याच मोठ्या आकड्यांत, या बैठकीत आतापर्यंत किती लावलं आणि किती परत आलं. पेटी उघडा, दरवाजा निवडा अशा बोनसमध्ये निकाल आधीच ठरलेला असेल, तर निवड करण्याआधीच तसं सांगा. आपण डावा दरवाजा निवडायला हवा होता, या पश्चात्तापात माणसाने पुढचे पन्नास डाव लावू नयेत.

त्या रात्री आम्ही मित्राच्या खेळाचे नियम शेवटच्या पानापर्यंत वाचले. आरटीपी शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत होता. बोनस किती डावांत एकदा, हे कुठेच नव्हतं. त्याने मदत कक्षाच्या चॅटवर तोच प्रश्न लिहून पाठवला. उत्तर दोन मिनिटांत आलं: बोनस कोणत्याही डावाला लागू शकतो, तुम्हाला शुभेच्छा. मित्राने ते दोनदा वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. “आकडा विचारला होता मी,” तो म्हणाला.